‘सिस्टीम घेत नाही’

“काका, तुमचं गाव यादीत येत नाहीये.”

“अगं, चार पिढ्या राहतोय आम्ही तिथं!”

“असेल हो काका. पण सिस्टीम घेत नाही.”

असा संवाद कुठल्या ना कुठल्या काउंटरवर रोज झडतो. काकांची त्यात चूक नसते आणि काउंटरवरच्या मुलीची तर नसतेच. चूक असते पडद्यावरच्या एका चौकोनात. त्याच्या उजव्या कडेला छोटा बाण असतो आणि त्यावर क्लिक केलं की खाली यादी उलगडते. ड्रॉपडाउन म्हणतात तो हाच.

कोऱ्या रकान्यात माणसाला हवं ते लिहिता येतं. ड्रॉपडाउन तशी मुभा देत नाही. एवढंच शक्य आहे, यातलंच घ्या, असं तो बजावतो. म्हणजे यादी भरणारा प्रोग्रामर दुसऱ्याचं गाव, पीक, आजार, नातं आणि बँकेची शाखा ठरवून मोकळा होतो. एवढा अधिकार हातात घेतला की यादी खरी ठेवण्याची जबाबदारीही अंगावर येते. यादी एकदा भरायची आणि विसरून जायचं, हा समोरच्या माणसावरचा अन्याय आहे. तो टाळायची साधनं कित्येक वर्षांपासून प्रत्येक प्रोग्रामरच्या हाताशी आहेत. ती वापरली जात नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे आणि ती मी आज सविस्तर मांडणार आहे.

बोलतोय ते डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरबद्दल. पतसंस्था, दवाखाने, शाळांची ऑफिसं, खतांची दुकानं, विकास सोसायट्या अशा कितीतरी ठिकाणी अजूनही संगणकावर इन्स्टॉल केलेला प्रोग्राम चालतो, नाहीतर एक्सेलची शीट. तिथं चुकीची यादी वर्षानुवर्षं तशीच राहते.

पडद्यावरची यादी खरी नसते

पायथन शिकणारी मुलं पहिली खिडकी बनवतात ती बहुधा टीकेइंटर वापरून. पायथनसोबतच ते येतं. त्याच्या पोटात जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९९०च्या सुमारास रचलेलं टीके आहे. टीकेइंटरमध्ये ऑप्शनमेन्यू नावाचा ड्रॉपडाउन मिळतो. त्याला पुणे, सातारा, सांगली अशी यादी दिली आणि खिडकी उघडली. नंतर प्रोग्राम चालू असतानाच त्या यादीत कोल्हापूर घातलं. आता बाणावर क्लिक करा. कोल्हापूर दिसणार नाही.

कारण साधं आहे. ऑप्शनमेन्यूने तयार होतानाच प्रत्येक नावाची एकेक ओळ बनवून ठेवली. त्यानंतर मूळ यादीकडे तो ढुंकूनही बघत नाही. कोल्हापूर दाखवायचं तर त्याच्या आतला मेन्यू हातात घ्यायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या ओळी पुसायच्या आणि नवी यादी एकेक ओळ करून पुन्हा भरायची. एवढं केलं तरी चौकोनात जे नाव आधीपासून दिसतंय ते तसंच राहतं. ते तिसऱ्याच एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असतं. यादीतून सांगली काढून टाकली तरी चौकोनात सांगली खुशाल दिसत राहते आणि सेव्हही होते.

डेटा, मेन्यूच्या ओळी आणि निवडलेलं नाव या तीन जागा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. त्या आपोआप जुळत नाहीत. जावाचं स्विंग आणि क्यूटी या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या साधनांत यासाठी मॉडेल नावाची सोय आहे: यादी मॉडेलमध्ये ठेवायची, पडदा त्या मॉडेलकडे बघून स्वतःला रंगवतो. मॉडेल बदललं की पडदा बदलतो. खरं काय ते एकाच जागी ठेवायचं, हा त्यातला धडा. ज्या प्रोग्राममध्ये खरी यादी ड्रॉपडाउनच्याच पोटात राहते, तो प्रोग्राम आज ना उद्या खोटं बोलणार.

उघडायच्या आधीचा क्षण

यादी भरायची कधी? बहुतेक जण प्रोग्राम सुरू होताना भरतात. सकाळी दहाला ऑफिस उघडलं, प्रोग्राम चालू केला, याद्या भरल्या. साडेअकराला शेजारच्या टेबलावर नवा खातेदार नोंदवला. तो या टेबलावर संध्याकाळपर्यंत दिसत नाही. मग ठरलेला सल्ला येतो, “बंद करून चालू करा.”

हा सल्ला म्हणजे प्रोग्रामरने आपलं काम ऑपरेटरच्या डोक्यावर टाकणं आहे. यादी भरायचा योग्य क्षण प्रत्येक साधनाने आखून दिलेला आहे. विंडोजमधला कॉम्बोबॉक्स यादी दिसण्याच्या अगदी आधी सीबीएन ड्रॉपडाउन हा निरोप पाठवतो. मेन्यूसाठी तसाच डब्ल्यूएम इनिटमेन्यूपॉपअप आहे. मॅकवर मेन्यूनीड्सअपडेट आहे, क्यूटीत अबाउटटूशो, स्विंगमध्ये पॉपअपमेन्यूविलबिकमव्हिजिबल. टीकेच्या नव्या कॉम्बोबॉक्सला पोस्टकमांड देता येते आणि तीही यादी उलगडण्याआधीच चालते. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत बनवलेली ही साधनं एकाच निष्कर्षाला आली आहेत: माणूस यादी मागतो तेव्हा ती ताजी करा. बोट बाणावर पडलं की आधी विचारा, यादी आता काय आहे?

उघडल्यानंतर मात्र तिला हात लावू नका. समोर यादी उलगडली आहे, ऑपरेटरची नजर चौथ्या ओळीवर आहे, बोट माउसवर आहे आणि तेवढ्यात वर एक नवी ओळ घुसली. क्लिक शेजारच्या नावावर पडतं. कर्ज एकाच्या खात्यावर आणि हप्ता दुसऱ्याच्या, असा घोळ इथूनच सुरू होतो. यादी बंद असताना कितीही वेळा बदला, पण उघडी असताना स्थिर ठेवा.

उशिरा आलेली यादी

नावं सर्व्हरवरून यायची असतील आणि जोडणी मंद असेल तर? खिडकी रंगवणाऱ्या धाग्यावरच (थ्रेडवरच) डेटा मागवायचा, हा सोपा आणि चुकीचा मार्ग. खिडकीने पाच सेकंद निरोप वाचले नाहीत की विंडोज तिला प्रतिसाद न देणारी ठरवतं. पडदा फिकट होतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. ऑपरेटर घाबरून चार वेळा क्लिक करतो. रांगेतली माणसं सुस्कारे टाकतात.

योग्य मार्ग असा: डेटा मागच्या धाग्यावर मागवा, यादी मात्र खिडकी रंगवणाऱ्या पुढच्या धाग्यावरच भरा, कारण स्विंग, क्यूटी, विंडोज सगळ्यांचा तोच दंडक आहे. मधल्या वेळात ड्रॉपडाउनमध्ये ‘यादी येत आहे’ अशी एक निष्क्रिय ओळ दाखवा. कोरी यादी दाखवू नका. कोरी यादी बघून माणूस समजतो की आपल्यासाठी इथं काहीच नाही, आणि उठून घरी जातो.

यातही एक खड्डा आहे. ऑपरेटरने पुणे निवडलं, चूक लक्षात आली आणि लगेच सातारा निवडलं. दोन मागण्या गेल्या. साताऱ्याचे तालुके आधी आले आणि दिसले. मग पुण्याचे रेंगाळत आले आणि त्यांनी साताऱ्याचे तालुके पुसून टाकले. वर जिल्हा सातारा आणि खाली मुळशी, मावळ, भोर. उपाय दोन ओळींचा आहे. प्रत्येक मागणीला क्रमांक द्या आणि उत्तर आलं की शेवटच्या मागणीचंच आहे का ते बघा, नसेल तर फेकून द्या. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर जोडणी वेगवान असते, म्हणून त्याला हा घोळ कधी दिसत नाही. तालुक्याच्या गावी तो दिसतो, आणि तिथं बघायला प्रोग्रामर नसतो.

पुण्याचं खेड, रत्नागिरीचं खेड

आता सगळ्यात मोठा दोष. जिल्हा निवडला की तालुके, तालुका निवडला की गावं, ही एकमेकांवर अवलंबून असलेल्या ड्रॉपडाउनची साखळी सगळ्यांच्या ओळखीची आहे.

जिल्हा पुणे. तालुका खेड. गाव चाकण. भरलं. मग अर्जदार म्हणाला, “ताई, जिल्हा रत्नागिरी आहे माझा.” ताईंनी जिल्हा बदलला. साखळी जागी झाली आणि तालुक्याची यादी रत्नागिरीची झाली. प्रोग्रामने तपासलं: आधी निवडलेलं ‘खेड’ नव्या यादीत आहे का? आहे. रत्नागिरी जिल्ह्यातही खेड तालुका आहेच. प्रोग्रामच्या लेखी तालुका बदललाच नाही, म्हणून गावाकडे कुणी पाहिलं नाही. नोंद झाली: जिल्हा रत्नागिरी, तालुका खेड, गाव चाकण. तिन्ही रकाने भरलेले, कुठं लाल खूण नाही, सेव्हचं बटण हिरवंगार. सह्याद्रीच्या पूर्वेकडचं चाकण एका क्लिकने कोकणात उतरलं.

ही एकट्या खेडची गोष्ट नाही. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही आहे. मालेगाव नाशिकात आहे आणि वाशिमातही. कळंब धाराशिवात आहे आणि यवतमाळातही. गावांच्या नावांत तर पिंपळगाव, वडगाव, नांदगाव किती असतील याची गणती करायला बसू नये. तरीही प्रोग्रामर नावावरून नावं जुळवत बसतात.

नाव माणसांना दाखवण्यासाठी असतं. जुळवायला कोड लागतो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी जिल्हा, तालुका आणि गाव यांना वेगवेगळे कोड देते. ते कोड नावाच्या मागे ठेवा. पुण्याच्या खेडचा कोड वेगळा, रत्नागिरीच्या खेडचा वेगळा. वरचा पर्याय बदलला की खालचे सगळे रकाने रिकामे करा, त्यात ‘निवडा’ दाखवा आणि ते भरले जाईपर्यंत सेव्ह होऊ देऊ नका.

एक्सेलमध्येही हीच गत. तिथं साखळी बांधतात ती डेटा व्हॅलिडेशन आणि इनडायरेक्ट फंक्शन वापरून: पहिल्या सेलमध्ये जे नाव, त्या नावाची यादी दुसऱ्या सेलमध्ये उघडते. युक्ती छान आहे, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. यादीच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून जळगाव जामोदला मध्ये अंडरस्कोर लागतो. वर्कबुकभर चालणारं नाव एकदाच देता येतं, म्हणून दोन खेडांपैकी एकाला बाहेर राहावं लागतं. आणि व्हॅलिडेशन तपासतं ते फक्त टाइप करताना. नंतर जिल्हा बदलला तर जुना तालुका सेलमध्ये निवांत बसून राहतो. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर व्हॅलिडेशनच पुसलं जातं. डेटा टॅबमध्ये ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ नावाची सोय आहे, ती चुकीच्या सेलभोवती लाल गोल काढते. शीट पुढे पाठवण्याआधी ती एकदा तरी चालवा.

एका ऑफिसात मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला कागद पाहिला. स्केचपेनने लिहिलं होतं: ‘तालुका बदलल्यावर गाव पुन्हा निवडणे’. तिथल्या बाईंनी प्रोग्राममधली चूक शोधली, समजून घेतली आणि आपल्या परीने सर्वांसाठी दुरुस्त केली. पैसे घेऊन प्रोग्राम बनवणाऱ्याने करायचं काम त्यांनी केलं होतं.

कुणीच न निवडलेला जिल्हा

क्यूटीतला कॉम्बोबॉक्स रिकामा असताना त्यात पहिलं नाव घातलं की तेच आपोआप निवडलं जातं. स्विंगचं नेहमीचं मॉडेलही असंच वागतं. जिल्हे मराठी क्रमाने लावले तर पहिला येतो अकोला. ऑपरेटरने घाईत जिल्ह्याला हातच लावला नाही तर अर्जदार अकोल्याचा होतो. नोंद बघून कुणालाही कळणार नाही की हा अकोला निवडलेला आहे की राहून गेलेला. म्हणून पहिली जागा ‘निवडा’ या ओळीला द्यायची आणि तिला कोड द्यायचा नाही. उत्तर न मिळणं ही सुद्धा माहिती आहे. ती खोट्या उत्तराखाली गाडू नका.

याच ठिकाणी आणखी एक फरक समजून घ्यावा लागतो: माणसाने बदललं की प्रोग्रामने भरलं? क्यूटीत यासाठी दोन वेगळे संकेत आहेत. ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ हा संकेत माणसाने निवड केली तरच येतो. ‘करंटइंडेक्सचेंज्ड’ मात्र कोडमधून बदल झाला तरी येतो. दुसरा वापरला तर यादी भरतानाच ‘बदल झाला’ अशी आरोळी उठते, खालची यादी भरते, ती आणखी खालचीला उठवते, आणि जुनी नोंद नुसती बघायला उघडली तरी तिच्यातलं गाव उडतं. बघण्याने नोंद बदलू लागली तर त्या दप्तरावर विश्वास कोण ठेवणार?

माउसच्या चाकाचंही तेच. ड्रॉपडाउन निवडलेला असताना चाक फिरवलं तर विंडोजच्या साध्या कॉम्बोबॉक्समध्ये पर्याय बदलतो. ऑपरेटरला वाटतं आपण फॉर्म खाली सरकवतोय. वर रक्तगट बदलत असतो. दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये चाकाचा हा गुण बंद करणं ही चैन नाही, ती रुग्णाच्या जिवाची काळजी आहे.

काहीही निवडा, शेवटचंच मिळेल

ही चूक पायथनमध्ये इतकी होते की प्रत्येक शिकणाऱ्याने ती एकदा जवळून पाहावी. मेन्यू नव्याने भरायचा आहे. गावं तीन: चाकण, आळंदी, राजगुरुनगर. लूप लावला. प्रत्येक गावासाठी एक ओळ जोडली आणि तिला छोटं लॅम्डा फंक्शन दिलं: क्लिक झालं की हे गाव व्हेरिएबलमध्ये ठेव. मेन्यू उघडला, तिन्ही नावं बरोबर. चाकण निवडलं, आलं राजगुरुनगर. आळंदी निवडलं, तरीही राजगुरुनगर.

झालं असं की त्या फंक्शनने गावाचं नाव जवळ घेतलंच नव्हतं. त्याने फक्त लक्षात ठेवलं की ‘गाव’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये बघायचं. ते बघतं क्लिक झाल्यावर. तोवर लूप संपलेला असतो आणि त्या व्हेरिएबलमध्ये शेवटचं गाव उरलेलं असतं. तिन्ही ओळी त्याच एका जागी बघतात. उपाय एवढाच की फंक्शन बनवतानाच नाव त्याच्या हातात द्यायचं: लॅम्डाच्या कंसात एक नवं अक्षर घ्यायचं, त्याची आधीपासूनची किंमत म्हणून ‘गाव’ लिहायचं आणि आत तेच अक्षर वापरायचं. मग प्रत्येक ओळ आपापलं नाव घेऊन बसते.

ही चूक सुटून जाते, कारण तपासणारा यादी नुसती बघतो. नावं बरोबर दिसली की पास. निवडून, सेव्ह करून, नोंद पुन्हा उघडून बघत नाही. दिसतं ते आणि घडतं ते यांत किती अंतर पडू शकतं, हे या तीन गावांत दिसतं.

पालघर कोणत्या तारखेपासून?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, मुंबई उपनगर, वाशिम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया अशी भर पडत गेली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. जिल्ह्यांची यादी बदलते, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. तरीही प्रोग्रामर ती थेट कोडमध्ये टंकून टाकतात. मग एक नाव वाढवायला नवी एक्झी फाइल, तिच्यासाठी वेगळं बिल, आणि ती प्रत्येक संगणकावर जाऊन टाकायला माणूस. तोवर डहाणूचा, जव्हारचा, मोखाड्याचा माणूस कागदावर ठाण्यातच राहतो. गेल्या वर्षीचं वेळापत्रक फलकावर तसंच ठेवणाऱ्या एसटी स्थानकावर प्रवाशाने विसंबायचं तरी कसं?

यादी कोडच्या बाहेर ठेवा: टेबलात, फाइलमध्ये, सर्व्हरवर. ऑफिसमधल्या जबाबदार माणसाला ती बदलता आली पाहिजे.

पण नुसतं ताजं करून भागत नाही. डहाणूतल्या जमिनीचा २०१२चा दस्त आज नोंदवायचा असेल, तर त्यावर जिल्हा ठाणेच लिहिलेला आहे आणि तोच नोंदवला पाहिजे. म्हणून प्रत्येक पर्यायाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा हव्यात आणि यादी दस्ताच्या तारखेवरून उघडली पाहिजे. आजची नवी यादी कालच्या नोंदींवर फिरवणं म्हणजे दप्तर खोटं करणं. नावं बदलतात तेव्हाही हेच. उस्मानाबाद धाराशिव झालं, अहमदनगर अहिल्यानगर झालं. मागे कोड असेल तर एका ओळीत नाव बदलतं आणि सगळ्या नोंदी जागच्या जागी राहतात. नावच किल्ली म्हणून वापरलं असेल तर अर्धे खातेदार जुन्या जिल्ह्यात आणि अर्धे नव्यात जातात. शिवाय जुनं नाव शोधलं तर नवं सापडलं पाहिजे, कारण म्हाताऱ्या माणसांच्या कागदांवर जुनंच नाव आहे.

बंद झालेला पर्याय गुपचूप गायबही करू नये. शाखा बंद झाली असेल तर तिचं नाव फिकट दाखवा आणि पुढे लिहा, ‘बंद, खाती अमुक शाखेकडे’. जो पर्याय आत्ता चालत नाही तो मेन्यूतून काढू नका, फिकट करा, ही मॅकिंटॉशच्या जगातली जुनी शिस्त आहे. फिकट ओळ बघून माणसाला निदान कळतं की आपण जे शोधतोय ते होतं आणि आता का मिळत नाही.

ळ कुठं गेला?

मालवण, मावळ, माहूर, माळशिरस. चारही तालुके, चार वेगळ्या जिल्ह्यांतले. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणून माळशिरस शेवटी हवं. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ बसवलाय ल आणि व यांच्या मध्ये. प्रोग्रामरने यादी साध्या कोड क्रमाने लावली की माळशिरस मालवणच्या पाठोपाठ येतं आणि मावळ, माहूर खाली जातात. क्ष आणि ज्ञ यांचीही अशीच पळवापळवी होते. शाळेत शिकलेल्या क्रमाने नाव शोधणाऱ्या माणसाला ते सापडत नाही. तो म्हणतो, “नाहीये.” भाषेनुसार क्रम लावायच्या सोयी प्रत्येक मोठ्या प्रणालीत आहेत. मराठी वापरणाऱ्यांसाठी प्रोग्राम बनवताय, तर यादी मराठी क्रमानेच लागली पाहिजे.

लागलेला क्रम पुन्हा हलवू नका. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०००मध्ये असे मेन्यू आणले की जे वापरलं जात नाही ते आपोआप लपायचं. माणसांना कालचा पर्याय आज दिसेना. ऑफिस २००७मध्ये त्या मेन्यूंच्या जागी रिबन आली. लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेर यांनी २००४ साली स्थिर आणि आपोआप बदलणाऱ्या मेन्यूंची तुलना केली, तेव्हा आपोआप बदलणाऱ्यापेक्षा स्थिर मेन्यूवर लोक लवकर काम उरकतात असं दिसलं. नेहमी लागणारी चार नावं वर हवीच असतील तर ती वेगळी, रेघेच्या वर दाखवा आणि खालची पूर्ण यादी जागेवरच राहू द्या. ताजी यादी म्हणजे खरी यादी. दररोज जागा बदलणारी यादी म्हणजे नुसता त्रास.

सही करण्याआधी

हे सगळं प्रोग्रामरने स्वतःहून करावं, पण वाट बघत बसू नका. पतसंस्थेचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक, दवाखान्याचे व्यवस्थापक, सॉफ्टवेअर ताब्यात घेणारे तुम्ही आहात. ताब्यात घेण्याच्या दिवशी पुरवठादाराला शेजारी बसवा आणि त्याच्यासमोर पाच गोष्टी करा.

एक: पुणे, खेड, चाकण निवडा आणि जिल्हा रत्नागिरी करा. गावाचा रकाना रिकामा झाला पाहिजे.

दोन: दुसऱ्या संगणकावर एक नवं नाव नोंदवा. पहिल्या संगणकावर प्रोग्राम बंद न करता यादी उघडा. नाव दिसलं पाहिजे.

तीन: नेटवर्कची तार काढा आणि ड्रॉपडाउन उघडा. खिडकी गोठता कामा नये आणि यादी का आली नाही हे तिने मराठीत सांगितलं पाहिजे.

चार: यादीतला पहिला, मधला आणि शेवटचा पर्याय निवडून तीन नोंदी सेव्ह करा, पुन्हा उघडा. जे निवडलं तेच दिसलं पाहिजे.

पाच: यादीत एक नाव तुमच्या ऑफिसातल्या माणसाकडून वाढवून घ्या. त्यासाठी पुरवठादाराला फोन करावा लागला, तर ती यादी तुमची नाही.

पाचही कसोट्या करारात लिहून घ्या. जी फसेल ती दुरुस्त होईपर्यंत शेवटच्या हप्त्याच्या बिलावर सही करू नका.